खोऱ्यातलं ऊन आणि फिरत्या प्लेटा



मागच्या महिन्यात आमच्याकडं एक विक्रेता येऊन गेला. सूर्याबरोबर आपोआप फिरणारा सांगाडा विकत होता. बारकी मोटर, सेन्सर, वरती आपल्या सोलर पंपाच्या प्लेटा. सकाळी पूर्वेला तोंड, संध्याकाळी पश्चिमेला. म्हणाला, चाळीस टक्के जास्त पाणी. आमच्या ओढ्यावरचे सात जण तयार झाले होते. एका सांगाड्याची किंमत मात्र योजनेत पंपासाठी आम्ही भरलेल्या हिश्श्याच्या दुपटीहून जास्त. हिस्सा सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि आदिवासी शेतकऱ्याला पाच टक्के, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या सातातले पाच जण पाच टक्केवाले. म्हणजे पैसे किती जपून खर्च करायचे ते समजा.

सगळे म्हणाले, आधी तू हिशेब करून सांग. तो हिशेब आज इथं मांडतोय, कारण डोंगरातल्या सगळ्यांनाच तो लागू आहे.

आमची जागा

अकोले तालुक्यात मुळा नदीचं वरचं खोरं. दक्षिणेला हरिश्चंद्रगडाची रांग. त्या रांगेतून निघून उत्तरेला मुळेकडं जाणारा आमचा ओढा. ओढ्याच्या दोन्ही अंगाला डोंगराच्या सोंडा, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. विहीर खाली ओढ्याकाठी आणि खाचरं वर चढत गेलेली. पावसाळ्यात भात, त्यानंतर ओलीवर हरभरा-मसूर, पाणी पुरलं तर गहू.

पाणी पुरलं तर, यातच सगळं आलं. वरच्या खाचरातल्या गव्हाला शेवटच्या दोन पाळ्या मिळाल्या तर घरचं धान्य होतं. नाही मिळाल्या तर माणसं जानेवारीतच नारायणगावकडं मजुरीला जातात आणि पोरांची शाळा बुडते. त्यामुळं दिवसाला अर्धा-पाऊण तास जास्त पाणी, ही आमच्याकडं बारीक गोष्ट नाही.

फिरणारी प्लेट कमावते कधी?

पक्की बसवलेली प्लेट दक्षिणेकडं तोंड करून, आपल्या अक्षांशाएवढी म्हणजे वीसेक अंश कललेली असते. सूर्य डोक्यावर आला की ती जवळजवळ सूर्याच्या समोरच असते. त्या वेळी फिरणारी प्लेट आणि पक्की प्लेट यांत फरक शून्य. इथं एक ध्यानात घ्या, आपल्याकडं सूर्य माथ्यावर बाराला येत नाही. घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७४ वर, त्यामुळं डिसेंबरात तो साडेबाराला माथ्यावर येतो, फेब्रुवारीत पावणेएक होतात.

माथ्यावरून सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तीन तास अलीकडं किंवा पलीकडं असला की पक्क्या प्लेटवर सरळ उन्हातलं ७१ टक्केच पडतं. चार तासांवर ५० टक्के. पाच तासांवर जेमतेम २६. फिरणारी प्लेट ही सगळी तूट भरून काढते. म्हणजे तिची कमाई दुपारची नाही, सकाळ-संध्याकाळची आहे.

आता खोऱ्यात सकाळ-संध्याकाळ कोण खातं? डोंगर.

मूठ लावून डोंगर मोजा

यंत्र लागत नाही. प्लेटांजवळ उभं राहा, हात सरळ समोर ताणा, मूठ आडवी धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. डोळ्याच्या पातळीपासून डोंगराच्या धारेपर्यंत मुठीवर मूठ किती बसतात ते मोजा. डोळ्याची पातळी पक्की हवी असेल तर गवंड्याची पाण्याची नळी वापरा, नाहीतर मोबाईलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं ते घ्या.

फक्त बरोबर पूर्वेला मोजून थांबू नका. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो, आणि मे महिन्यात उत्तरेकडं सरकतो. आग्नेयेपासून ईशान्येपर्यंत आणि नैर्ऋत्येपासून वायव्येपर्यंत मोजा. रब्बीचं पाणी महत्त्वाचं असेल तर आग्नेय आणि नैर्ऋत्य आधी.

आमच्या अक्षांशावर डिसेंबरात डोंगराची एक मूठ म्हणजे उन्हाची जवळजवळ पन्नास मिनिटं. माझ्याकडं पूर्वेची सोंड दोन मुठी, म्हणजे २० अंश. पश्चिमेची सव्वा मूठ, साधारण १२ अंश. सपाटीवर सूर्य सात-सव्वासातला उगवतो, माझ्या प्लेटांवर ऊन पडतं पावणेनऊला. सपाटीवर सहाच्या सुमारास मावळतो, माझ्याकडून पाचला जातो. हे कागदावर काढलं आणि शेतात उभं राहून पाहिलं. दोन्ही जुळलं.

मग कोनांचा हिशेब केला. स्वच्छ आकाश, डिसेंबरचा दिवस, सरळ ऊन दिवसभर सारखंच जोरदार धरलं, तर पक्क्या प्लेटपेक्षा फिरणाऱ्या प्लेटला किती जास्त ऊन मिळतं?

सपाट माळावर, डोंगर नाही: ४३ टक्के जास्त.
माझ्याकडं, पूर्वेला दोन मुठी, पश्चिमेला सव्वा: २३ टक्के जास्त.
दोन्ही बाजूंना तीन-तीन मुठी असलेल्या अरुंद घळीत: १० टक्के जास्त.

खरं तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन हवेतून लांबून येतं, कमजोर असतं. त्यामुळं प्रत्यक्षात तिन्ही आकडे याहून खाली येतात. पण उतरंड तीच राहते.

तेव्हा विक्रेता अगदीच खोटं बोलत नव्हता. त्याचा चाळीसचा आकडा सपाटीच्या हिशेबातला होता. तो आमच्या घळीत आणून विकणं हे मात्र बरोबर नाही. किमतीला डोंगर दिसत नाही, माळावरच्याला जी किंमत तीच घळीतल्याला.

पण पाण्याचा हिशेब वेगळा

इथंच थांबलो असतो तर सगळ्यांना सांगितलं असतं की घेऊ नका, विषय संपला. पण आपल्याला ऊन नको असतं, पाणी हवं असतं. आणि डोंगरात पाणी चढवायचं असतं.

मोटरचा वेग कमी झाला की पाणी कमी येतं एवढंच नाही, ते चढतही कमी. वेग अर्धा झाला तर चढण पावपट होते. आणि मोटरला लागणारी ताकद वेगाच्या तिप्पट घाताने बदलते, म्हणजे अर्ध्या वेगाला ताकद फक्त आठवा हिस्सा. आता माझा पंप पूर्ण वेगात ६० मीटरपर्यंत पाणी चढवू शकतो असं धरा. माझं वरचं खाचर विहिरीतल्या पाण्यापासून ४० मीटर उंच. तिथं पहिला थेंब पडायला वेग ८२ टक्के पाहिजे, म्हणजे ताकद जवळजवळ ५५ टक्के. प्लेटांनी अर्ध्याहून जास्त वीज दिल्याशिवाय मोटर नुसती घुमते, वर पाणी नाही. तोच पंप खालच्या खाचराला १५ मीटर चढवायला लावला तर आठव्या हिश्श्याच्या ताकदीवर पाणी पडायला सुरुवात होते. हा ढोबळ हिशेब आहे, पण शेतात दिसतं ते असंच.

याचा अर्थ काय? सकाळी नऊला पक्क्या प्लेटवर जे अर्धवट ऊन पडतं ते वरच्या खाचरासाठी वायाच जातं. तीच प्लेट सूर्याकडं वळवली तर त्याच क्षणी मोटर उंबरठा ओलांडते. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघा भावांनी आठवडाभर हे पाहिलं. प्लेटा मधेच ठेवल्या की वरच्या खाचरात पाणी सव्वानऊच्या आसपास सुरू आणि चारनंतर बंद. वळवल्या की पूर्वेच्या सोंडेवरून ऊन उतरल्या उतरल्या सुरू, आणि पश्चिमेला ऊन जाईपर्यंत धार चालू. म्हणजे जिथं चढण जास्त तिथं उन्हातला थोडा फायदा पाण्यात मोठा दिसतो. डोंगर एका हातानं घेतो, दुसऱ्या हातानं थोडं परत देतो.

मग यंत्र कशाला, हात आहेत

"वळवल्या की" म्हणालो ते हातानं वळवल्या. आमच्या सांगाड्याला उत्तर-दक्षिण आस आहे आणि पिन बसवायला तीन भोकं: पूर्व, मध्य, पश्चिम. बऱ्याच जणांच्या सांगाड्याला ती भोकं असतात आणि पहिल्या दिवशी मिस्त्रीनं मधली पिन मारली की ती गंजेपर्यंत तिथंच राहते.

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या सौर पंपाच्या तांत्रिक अटींमध्ये पंपानं दिवसाला किती लिटर पाणी द्यावं त्याचे आकडे आहेत. ते आकडे दोन गोष्टी धरून दिलेले आहेत: प्लेटांवर चौरस मीटरला दिवसाला ७.१५ युनिट ऊन पडतंय, आणि प्लेटा दिवसातून तीनदा सूर्याकडं वळवल्या जातायत. आपण प्लेटा एका जागी खिळवून ठेवायच्या, त्यातही खोऱ्यात, आणि कागदावरचे लिटर का पडत नाहीत म्हणून पंपाला शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही.

तीन जागा पुरतात का? पुरतात. प्लेट सूर्यापासून २० अंश चुकली तर सरळ ऊन फक्त ६ टक्के कमी होतं, २५ अंश चुकली तर ९ टक्के. डिसेंबरात पावणेनऊ ते पावणेअकरा पूर्वेला ४५ अंश, तिथून सव्वादोनपर्यंत मध्ये, मग पश्चिमेला ४५ अंश. एवढ्यावर मोटरवाल्या सांगाड्याचा बहुतेक सगळा फायदा हातात येतो. संध्याकाळी घरी जाताना प्लेटा पूर्वेला करून ठेवा, सकाळची फेरी वाचते. पिनला महिन्यातून एकदा ग्रीस. योजनेचा सांगाडा हमीच्या पाच वर्षांत असेल आणि त्याला भोकं नसतील तर स्वतः कापाकापी करू नका, आधी कंपनीला लेखी विचारा.

एक धोका सांगतो. तीन एचपीच्या प्लेटांचं क्षेत्र धरा सोळा चौरस मीटर. ताशी ९० किलोमीटरचा वारा समोरून आला तर चौरस मीटरला ३८ किलो, म्हणजे एकूण सहाशे किलोचा धक्का. उभ्या कललेल्या प्लेटा वळवाच्या वादळात पाखराच्या पंखासारख्या उचलल्या जातात. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग काळे दिसले की प्लेटा मधल्या भोकावर आणा आणि बोल्ट आवळा. खिंडीतल्या, माथ्यावरच्या शेतकऱ्यांनी तर नक्कीच. आपोआप फिरणाऱ्या सांगाड्याला वारा मोजून स्वतः आडवं होण्याची सोय आहे का, हा विक्रेत्याला पहिला प्रश्न. आणि ती सोय बंद पडली तर मिस्त्री संगमनेरहून किती दिवसांत येणार, हा दुसरा.

पावसाळ्यात मात्र काहीच फिरवू नका. ढगाळ आकाशात ऊन सगळीकडून सारखं येतं, सूर्याकडं वळून काही मिळत नाही.

सात विहिरी, सात डोंगर

मग आम्ही सातही विहिरींवर मुठी लावत फिरलो. एकाच ओढ्यावर, दीड-दोन किलोमीटरच्या आत, प्रत्येकाचा डोंगर वेगळा निघाला.

ओढा जिथं मुळेला मिळतो तिथं दोघांची शेतं उघडी आहेत, कुठल्याच बाजूला एक मूठही भरत नाही. फिरत्या सांगाड्याचा खरा फायदा त्यांनाच. पण त्यांची चढण फक्त दहा-बारा मीटर, आणि पाणी आत्ताच पुरतंय. ज्याला मिळेल त्याला गरज नाही.

माझ्यासारख्या तिघांना हाताची पिन पुरेशी. घरातलं कोणीतरी दिवसभर शेतात असतंच. आमच्याकडं दुपारची फेरी आई करते, शेळ्यांना पाणी पाजायला जातेच त्या वेळी.

पूर्वेच्या सोंडेच्या अगदी पायथ्याला आमचे एक चुलते आहेत. त्यांना पूर्वेला साडेतीन मुठी आणि पश्चिम उघडी. डिसेंबरात त्यांच्या प्लेटांवर ऊन येतं सव्वादहाला आणि राहतं सहापर्यंत. म्हणजे त्यांच्या दिवसाचा मध्य साडेबारा नाहीच, दोनच्या पुढं आहे. त्यांच्या प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून बसलेल्या, कारण सगळ्यांच्या तशाच बसतात. हिशेब केला तर त्याच प्लेटा पश्चिमेकडं वीस-बावीस अंश कलवून पक्क्या केल्या तर सरळ ऊन आठ-नऊ टक्के वाढतं. ना मोटर, ना रोजची फेरी. चुलते म्हणाले, "म्हणजे मी गेली तीन वर्षं डोंगराकडं तोंड करून बसलोय की!" आता कंपनीला अर्ज दिलाय त्यांनी.

राहिल्या घळीतल्या काकी. दोन्ही बाजूंना तीन मुठी, चढण चाळीसच्या वर, आणि माणूस एकटं. मुलगा पुण्याला. शेत घरापासून लांब, दिवसातून तीन फेऱ्या त्यांना सांगणं म्हणजे चेष्टाच. फिरत्या सांगाड्याचा फायदा तिथं सगळ्यात कमी, आणि काकीच पैसे भरायला सगळ्यात आधी तयार होत्या, कारण पाण्याची ओढ त्यांनाच जास्त. हे पाहिल्यावर मला खरंच काळजी वाटली. ज्याला सगळ्यात कमी मिळणार तोच सगळ्यात आधी विकत घेतो.

काकींसाठी दोन गोष्टी ठरल्या. पहिली, पाइपला एक फाटा आणि व्हॉल्व्ह. ऊन आल्यापासून अकरापर्यंत आणि अडीचनंतर, म्हणजे ऊन तिरपं असताना, पाणी खालच्या खाचरांना. मधल्या साडेतीन तासांत, ताकद पूर्ण असताना, वरच्यांना. वर सांगितलेला आठव्या हिश्श्याचा हिशेब आठवा: ज्या उन्हात वर थेंब जात नाही त्याच उन्हात खाली धार पडते. एका व्हॉल्व्हच्या खर्चात आजवर वाया जाणारे तास कामाला येतात. हे मी आता माझ्याकडंही करतोय, आणि सगळ्यांनी करावं असं सांगतो.

दुसरी, फिरत्या सांगाड्याच्या पैशात जास्तीच्या प्लेटा येतात का ते पाहणं. प्लेटा वाढल्या की कमी उन्हातही मोटर उंबरठा लवकर ओलांडते, आणि हलणारा भाग एकही नाही. पण कंट्रोलर किती व्होल्ट आणि किती अँपिअर सोसतो ते कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय एकही प्लेट जोडायची नाही.

ज्यांचा पंप अजून बसायचा आहे त्यांच्यासाठी

नॉर्वेत र्‍युकान नावाचं गाव आहे, खोल दरीत. हिवाळ्यात महिनोन्महिने तिथं ऊन उतरत नाही. त्यांनी २०१३ साली गावाच्या वर डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि ऊन गावच्या चौकात पाडतात. लोकांना त्यातलं फिरणं मोठं वाटतं. मला जागा मोठी वाटते: आरसे दरीत नाही बसवले, जिथं ऊन आहे तिथं बसवले.

आपल्याला तर आरसाही नको, तार पुरते. प्लेटा विहिरीच्या शेजारीच पाहिजेत असा काही नियम निसर्गाचा नाही. विहीर ओढ्यात आणि ओढा सगळ्यात सखल, म्हणजे विहिरीजवळ ऊन सगळ्यात कमी. शंभर मीटर वर टेपावर प्लेटा नेल्या तर डोंगराची एखादी मूठ कमी होऊ शकते. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेनं, १० अँपिअरला, जाऊन-येऊन दोनशे मीटरमध्ये साधारण १० व्होल्ट पडतात. प्लेटांचा दाब ३०० व्होल्टच्या आसपास असेल तर ही तूट तीन टक्के. एक मूठ डोंगर त्याहून महाग आहे.

पण हे पंप बसायच्या आधीच होतं. जागेच्या पाहणीला माणूस येईल तेव्हा त्याच्यासोबत फिरा, मुठी लावून दाखवा, आणि जागा कुठली ते त्याच्या कागदावर लिहून घ्या. झाडाचंही बघा. एका प्लेटेवर सावली पडली तरी ओळीतल्या सगळ्या प्लेटांची वीज पडते.

सातांपैकी कोणीही तो सांगाडा घेतला नाही. विक्रेत्याला फोन करून नीट सांगितलं, भांडण नाही. तो म्हणाला, माळावरच्या गावांत जातो. जावं. तिथं कदाचित त्याचा आकडा खराही ठरेल.

या रब्बीत फाटा आणि पिन दोन्ही लावून वरच्या खाचराला किती पाळ्या बसतात ते लिहून ठेवतोय, फेब्रुवारीत सांगेन. तोवर तुम्ही तुमच्या प्लेटांजवळ उभं राहून पूर्वेला किती मुठी, पश्चिमेला किती मुठी आणि चढण किती मीटर एवढे तीन आकडे वहीत लिहा. कोणी काही विकायला आलं तर ती वही त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, माझ्या या डोंगराला तुमचा आकडा किती?